दिवसभर पुढं वाकणाऱ्या अंगाला कोणती आसनं? (दोघांसाठी, पहाटे ४० मिनिटं)

मोंढेकरी (परभणी)

राम राम मंडळी. मोंढ्यात आडतीवर हिशेबाचं काम, वय ४६. सोयाबीन-कापसाची आवक सुरू झाली की सकाळी १० ला गादीवर बसायचं ते रात्री ८ लाच उठायचं. मान अन् पाठीचा वरचा भाग आखडतो, रात्री जेवलं की छातीत जळजळ, आणि अंथरुणावर पडलं की डोक्यात हिशोबपट्ट्या फिरत राहतात. झोप लागायला एक वाजतो. बीपी १४०/९० च्या आसपास, गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, गोळीसोबत योगा करा. कोणता अन् किती, ते काही सांगितलं नाही.

घरच्या मंडळींचं दुखणं वेगळं. घरच्याच रानात कापूस वेचायचं काम. संध्याकाळी कंबर धरते, सरळ उभं राहायला वेळ लागतो. दुखणं कमरेतच आहे, पायात उतरत नाही.

मोबाईलवर बघावं तर एक म्हणतो कपालभाती १५ मिनिटं, दुसरा म्हणतो १०८ सूर्यनमस्कार. गल्लीतल्या वर्गात पहिल्याच दिवशी गुडघे ताठ ठेवून अंगठे धरायला लावतात. आमच्या दोघांकडं पहाटे ४० मिनिटं आहेत. क्रम काय, किती वेळ, काय टाळायचं? जरा खोलात सांगा, नुसतं "नियमित करा" म्हणू नका.

आसनमांडी (योगशिक्षक, नांदेड)

दादा, तुमचं काम बसून आणि वहिनींचं उभ्यानं, पण पाठीला विचारलं तर दोघांचं काम एकच: पुढं वाकणं. तुम्ही वहीवर, त्या पऱ्हाटीवर. मग पहाटे उठून पुन्हा पुढंच वाकायचं कशाला? दिवसभर अंग ज्या आकारात राहतं, त्याच्या उलट दिशेला त्याला आधी न्यायचं. आसनं निवडताना एवढं धरून चाललात तरी निम्मी गल्लत टळते.

त्यात पहाटेची आणखी एक अडचण आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा किंचित जास्त भरते. अशा फुगलेल्या चकतीवर पुढं वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यानंतरचा पहिला तास पादहस्तासन (उभ्यानं वाकून पाय धरणं) आणि पश्चिमोत्तानासन (बसून पुढं वाकून पाय धरणं) यांचा नव्हेच. ज्याची कंबर आधीच धरलेली आहे त्यानं तर बिलकूल नाही.

आता मांडणी. फरशीवर सतरंजी, तिच्यावर घोंगडीची दुहेरी घडी. नुसती सतरंजी सरकते, आणि कापसाच्या गादीवर केलं तर मनगट अन् कंबर दोन्ही खचतात. शौचाला जाऊन यायचं, अर्धा पेला कोमट पाणी प्यायचं, चहा नंतर. संध्याकाळी करायचं झालं तर जेवणानंतर ३-४ तास गेलेले हवेत.

सुरुवात ताडासनानं. पावलांत वीतभर अंतर, श्वास घेत हात वर, तीन संथ श्वास थांबून खाली. असं ३ वेळा. बरगड्या पुढं फेकून कमरेत खळगा पाडू नका, उंची बगलेतून वाढली पाहिजे. मग कटिचक्रासन दोन्ही बाजूंना ५-५ वेळा. यात गुडघे समोरच राहतात, वळते ती छाती. त्यानंतर मार्जारासन: तळवे खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली, श्वास सोडताना पाठ वर, घेताना खाली, १० वेळा. पहाटे पाठीची वरची गोलाई अर्धीच ठेवा.

तुमच्या दोघांचं मुख्य आसन भुजंगासन, आणि तेच सगळ्यांत जास्त चुकतं. पालथं झोपून कपाळ जमिनीला टेकवा. तळवे बरगड्यांच्या बाजूला, खांद्यांच्या पुढं नकोत. कोपरं अंगाला चिकटलेली, पायाची बोटं मागं पसरलेली. ओटीपोट जमिनीत दाबा आणि छाती पाठीच्या जोरावर उचला. मग दोन्ही तळवे जमिनीवरून इंचभर सोडून बघा. छाती जिथं टिकते ती तुमची आजची उंची. त्याच्या वरची सगळी उंची हातांची, पाठीची नव्हे. आता तळवे परत टेकवा, पण भार देऊ नका. बेंबी जमिनीवर, नजर समोर जमिनीवर दोन हात अंतरावर, ४-५ श्वास. खाली येऊन मकरासनात (पालथं पडून, हातांवर डोकं टेकवून) विसावा. असं ३ वेळा.

चुकतं काय? माणूस हातांनी ढकलतो, कोपरं ताठ होतात, खांदे कानाला लागतात, मान मागं टाकली जाते. मग सगळी घडी कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत पडते आणि छाती होती तिथंच राहते. दुसऱ्या दिवशी कंबर ठणकते आणि खापर फुटतं भुजंगासनावर.

पुढं अर्धशलभासन: एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर वर, ५ श्वास, प्रत्येकी ३ वेळा. पाय फार वर गेला की खुबा जमिनीवरून सुटतो आणि कंबर पिळवटते. मग उताणं होऊन सेतुबंधासन (गुडघे दुमडून कंबर वर उचलणं), टाचा नितंबांपासून तळहातभर लांब, ६ श्वास, २ वेळा. तुमच्यासारख्या मांडी घालून बसणाऱ्यांचे गुडघे इथं बाहेर पडतात. मांड्यांमध्ये उशी दाबून ठेवा, आपोआप सरळ राहतात. शेवटी एका पायाचं पवनमुक्तासन (एकेक गुडघा हातांनी छातीशी धरणं), डोकं जमिनीवरच ठेवून. हे सगळं २० ते २२ मिनिटांत बसतं. उरलेला वेळ प्राणायाम आणि ५ मिनिटं शवासन, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर घेऊन.

पहिले दोन आठवडे एवढंच. तिसऱ्या आठवड्यापासून मार्जारासनानंतर २ सूर्यनमस्कार घाला, दर आठवड्याला एक वाढवत १२ वर थांबा. एका नमस्काराला साधारण एक मिनिट लागलं पाहिजे, आणि हस्तपादासनात, म्हणजे नमस्कारातल्या पुढं वाकण्यात, गुडघे खुशाल वाकवा. १०८ चा संकल्प रथसप्तमीला शोभतो. समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, नमस्कारांचा वारसा आपल्याकडं जुना आहे हे खरं. पण तो रोज घातलेल्या नमस्कारांचा आहे, एका दिवसात घातलेल्या शेकड्यांचा नव्हे.

मणका_मोकळा (फिजिओथेरपिस्ट, लातूर)

वरच्या क्रमाशी सहमत. वहिनींसाठी थोडं जास्तीचं, कारण त्यांचं दुखणं पहाटेच्या २० मिनिटांत फिटणारं नाही. दिवसभर रानात जे होतं तेही बदलावं लागेल.

दर अर्ध्या तासानं सरळ उभं राहून तळवे कमरेवर ठेवायचे आणि ५ वेळा हळू मागं झुकायचं. याला अर्धं मिनिट लागतं, ओळ सोडावी लागत नाही. वेचताना वाक खुब्यातून घ्यायचा, कमरेतून नाही. हे कळायला घरी काठी घेऊन बघा: काठी पाठीवर उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड अशा तीन जागी टेकली पाहिजे. गुडघे किंचित सोडून पुढं झुका. तिन्ही जागा टेकलेल्या राहिल्या तर वाक खुब्यातला; एखादी सुटली तर कमरेतला. खालची बोंडं वेचताना एक गुडघा टेकवून बसा. कमरेची ओटी भरगच्च होईपर्यंत लटकवू नका, अर्ध्यातच रिकामी करा. पुढं लटकलेलं वजन पाठीच्या स्नायूंना कैक पटींनी ओढावं लागतं.

योगाचा कंबरदुखीवर उपयोग होतो का, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आधी बिनगोळीचे उपाय करा असं सांगितलं, त्या यादीत योग आहे. फायदा मध्यम, तोही काही आठवड्यांनी दिसणारा. इतर व्यायामापेक्षा योग वरचढ ठरतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. म्हणून कोणी "आठ दिवसांत कंबर मोकळी" म्हणालं की तिथून उठावं.

दुखणं गुडघ्याच्या खाली उतरलं, पाऊल बधिर झालं, चालताना चप्पल निसटायला लागली, तर आसनं थांबवून डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

संथश्वास (छत्रपती संभाजीनगर)

झोप आणि बीपीबद्दल मी लिहितो.

कपालभाती तुमच्यासाठी नाही, दादा. पोटाला झटके देऊन जोरात श्वास सोडण्यात रक्तदाब वर जातो. त्यात छातीत जळजळणाऱ्याला आंबट वर येतं. बीपी, हृदयविकार, हर्निया, फेफरं, पोटाचं ताजं ऑपरेशन आणि गरोदरपण यांत ती टाळतात. शीर्षासन आणि सर्वांगासनही नको. काचबिंदू असलेल्यांनी तर डोकं खाली जाणारं कोणतंच आसन करू नये, डोळ्यातला दाब बराच चढतो.

तुम्हाला हवा आहे तो लांब उच्छ्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. हे प्रत्येक निरोगी माणसात घडतं. सोडण्याचा वेळ वाढवला की मंदावणारी बाजू जोर धरते. मिनिटाला ५-६ श्वासांपर्यंत गती आली की रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक नीट चालते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

कृती अशी. पाठ भिंतीला टेकवून बसा, मांडी त्रास देत असेल तर खुर्ची चालेल. आधी २ मिनिटं नुसता पोटानं श्वास: एक हात बेंबीवर, एक छातीवर, हलला पाहिजे बेंबीवरचा. मग अनुलोम-विलोम. उजव्या अंगठ्यानं उजवी नाकपुडी बंद, डावीनं श्वास आत ४ मोजत. मग अनामिकेनं डावी बंद करून उजवीनं ६ मोजत बाहेर. उजवीनंच आत, डावीनं बाहेर. हे एक आवर्तन. बोट नाकाच्या हाडाखालच्या मऊ भागावर अलगद टेकवायचं, नाक वाकडं होईस्तोवर दाबायचं नाही. श्वासाचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येत असेल तर तो जोरात आहे. कोपर छातीला दाबू नका, हात भरून आला तर कोपराखाली उशी घ्या. ५ मिनिटं पुरे. पंधरा दिवसांनी सहज जमलं तर ४ आणि ८. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, बीपीवाल्यांनी करायचं नाही, शिकवणारा कितीही आग्रह करो.

रात्रीसाठी भ्रामरी. दात एकमेकांना न लावता ओठ मिटायचे आणि श्वास सोडताना मकार (‘म्’चा गुणगुणता आवाज) लांबवायचा, ७ ते १० वेळा. कानात बोटं खुपसू नका, कानाच्या भोकापुढचा छोटा मऊ उंचवटा अलगद दाबा. गुणगुणताना सायनसच्या पोकळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड कितीतरी जास्त बाहेर येतो, हे मोजलेलं आहे; पण झोपेसाठी महत्त्वाचं हे की गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही. हिशेबाच्या माणसाला रात्री मोजायला लावणं बरं नव्हे. सूर्यनमस्कार मात्र झोपायच्या तोंडावर घालू नका, अंग जागं होतं.

गोळी स्वतःहून सोडायची नाही. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी, ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, हात छातीच्या उंचीला ठेवून बीपी मोजा आणि लिहून ठेवा. ती वही बघून डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पायवाट (बीड)

एक विरुद्ध सूर. गादीवर दहा तास बसणाऱ्याला आसनांइतकीच चालण्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि संथ आसनांनी दम लागत नाही, त्यामुळं ती त्या हिशेबात फारशी धरता येत नाहीत. योगवर्गाला दुचाकीवर जाणारी मंडळी बघितली की हसू येतं. मोंढा घरापासून दोन किलोमीटर असेल तर जाता-येता पायी जा, आठवड्याचा कोटा तिथंच भरतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग.

आसनमांडी (योगशिक्षक, नांदेड)

पायवाट भाऊ, मान्य. भर एवढीच की बसण्याचा सलग वेळ तोडणंही चालण्याइतकंच महत्त्वाचं. दर पाऊण तासाला दादांनी गादीवरून उठून खांबाला किंवा चौकटीला दोन्ही हात टेकवावेत, एक पाऊल पुढं टाकून छाती उघडावी, तीन श्वास. गिऱ्हाईक समोर असलं तरी करता येतं.

मोंढेकरी (परभणी)

लई उपकार मंडळी, असं कोणी सांगत नाही. चार शंका राहिल्या. एक, माझी एक नाकपुडी कायम चोंदलेली असते, अनुलोम-विलोम कसा करू? दोन, जळजळीसाठी जेवणानंतर वज्रासन सांगतात, पण पाच मिनिटांत पायाला मुंग्या येतात. तीन, एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा चालू ठेवायचं का? शीतली प्राणायामानं उन्हाळा बाधत नाही म्हणतात. चार, घरात आई आहे, शुगरची गोळी घेते, तिलाही बसवलं तर चालेल का?

संथश्वास (छत्रपती संभाजीनगर)

नाकपुड्या आळीपाळीनं मोकळ्या-बंद होतच असतात, काही तासांनी बाजू बदलते. ते दुखणं नाही. पण एकच बाजू बारा महिने बंद असेल तर नाकाचा पडदा वाकडा आहे का, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर नाकपुडी न दाबता दोन्हींनी ४ आणि ६ करा, फायदा उच्छ्वासाच्या लांबीतून आहे. गिरणीतल्या किंवा मोंढ्यातल्या धुळीत मात्र प्राणायाम नको.

आईंचं: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर उपाशीपोटी साखर उतरू शकते. सुरुवातीला ग्लुकोमीटरवर बघून बसवा. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या, आणि तेवढ्या दिवशी आसनं सोडून नुसता श्वास. हात थरथरणं, दरदरून घाम, गरगरणं दिसलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून. त्यांना खुर्चीवर बसून हात वर घेणं, मान-खांदे फिरवणं आणि अनुलोम-विलोम एवढं भरपूर आहे. जमिनीवरून उठ-बस करताना तोल जाण्याची भीती असते, म्हणून खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी.

शीतलीबद्दल: जिभेची नळी करून तोंडानं श्वास आत, नाकानं बाहेर, ८-१० वेळा. ज्यांची जीभ वळत नाही त्यांनी सीत्कारी करावी, म्हणजे दात मिटून फटींतून श्वास आत घ्यावा. तोंडाला गारवा लागतो, मन शांत होतं. उन्हापासून ती वाचवत नाही. उष्माघात टळतो पाण्यानं, सावलीनं आणि दुपारी १२ ते ४ रानात न जाण्यानं. तोंडानं घेतलेली हवा नाकात गाळली जात नाही, त्यामुळं दम्याच्या माणसानं आणि धुळीच्या वाऱ्यात ती करूच नये.

आसनमांडी (योगशिक्षक, नांदेड)

उन्हाळ्यात बंद करू नका, वेळ सरकवा. पहाटे साडेपाचला गच्चीवर, ऊन चढायच्या आत गुंडाळा. पत्र्याच्या खोलीत पंखा लावूनही नको, ऊन पडलं की पत्रा लगेच तापतो. सूर्यनमस्कार निम्मे, भुजंगासन-सेतुबंध तेवढंच, शवासन वाढवून १० मिनिटं. घाम जास्त आला तर नंतर मीठ-लिंबाचं पाणी. बीपी असल्यानं तुम्हाला मीठ चिमूटभरच.

मणका_मोकळा (फिजिओथेरपिस्ट, लातूर)

वज्रासनातल्या मुंग्या म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जाणारी शीर (मज्जातंतू) दबते आहे. मुंग्या आल्या की उठायचं, सहन करत बसायचं नाही. तासन्‌तास असं बसून पाऊल वर उचलता न येण्याचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. पोटरी आणि मांडीच्या मध्ये घोंगडीची जाड घडी आणि घोट्यांखाली टॉवेलची वळकटी घ्या, दाब कमी होतो. २ मिनिटांपासून सुरू करून ५ वर आणा. गुडघा दुखत असेल तर वज्रासनाऐवजी शंभर पावलं चाला, पोटाला तेही तेवढंच चालतं.

जळजळीवर आसनापेक्षा रात्रीच्या जेवणाची वेळ जास्त काम करते. आठला दुकान बंद, नऊला भाकरी-ठेचा आणि साडेनऊला आडवं, असं चालू असेल तर कुठलंच आसन पुरं पडणार नाही. संध्याकाळी सहाला दुकानातच अर्धी भाकरी खाऊन घ्या, रात्री हलकं वरण-भात, आणि झोप जेवणानंतर तीन तासांनी. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, सहाएक इंच उंची मिळते. उशा रचून काम होत नाही, त्यानं फक्त मान वाकते आणि पोट दाबलं जातं. आणि झोपताना डाव्या कुशीवर.